शेवटच्या रकान्यातलं विद्यापीठ

३ मार्च, मंगळवार

चौथं पत्रही आलं. चारही ठिकाणी प्रवेश! सागरी कायद्यात मास्टर्स करायला चार विद्यापीठांत अर्ज टाकले होते, म्हटलं एखाद्याला तरी दया येईल. चौघांनाही आली. ३१ तारखेपर्यंत एकाला होकार कळवायचा. खरं तर उड्या मारायला हव्यात. मी बाथरूमचा नळ सोडून रडले.

बाबांनी ताबडतोब तक्ता आखला. पस्तीस वर्षं बसडेपोत वेळापत्रकं आखण्यात गेली. या माणसाला रकाने पाडल्याशिवाय आनंदही होत नाही आणि दुःखही. उभ्या रकान्यांत चार विद्यापीठं, आडव्या ओळींत प्राध्यापक, ग्रंथालय, हवामान, पुढची नोकरी. पन्नासपैकी गुण. पहिलं ‘थंडगार’ — सगळ्यात नावाजलेलं, आठ महिने बर्फ. ४४ गुण. मग ‘काचवालं’, कारण माहितीपत्रकात नुसत्या काचा. मग ‘गोडबोलं’, दर दोन दिवसांनी त्यांचं ‘आपल्या स्वागतास उत्सुक’ येतं. शेवटच्या रकान्यात शेवटचं. संध्याकाळचे वर्ग, तीन प्राध्यापक, त्यातले दोन निवृत्त. ११ गुण. त्यातले पाच हवामानाचे!

तिथं मी अर्ज का केला, हे घरात कुणी विचारत नाही. त्या गावाच्या बंदराबाहेर दादाचं जहाज उभं आहे.

६ मार्च, शुक्रवार

फोन आला! सहा मिनिटं. होडीवाला मंगळवारी आणि शुक्रवारी पाणी, शिधा आणि चार्ज केलेली बॅटरी नेऊन देतो. जहाजावरचं डिझेल कधीच संपलं. म्हणजे दादाचा आवाज आठवड्यातून दोनदा, तोही होडी गेली तर.

चौदा महिने झाले. लिहून ठेवते, कारण मोजताना मलाच खोटं वाटतं. मालक गायब, कोर्टानं जहाज जप्त केलं. बाकीचे अठरा जण घरी गेले. पण जप्त जहाजाला एक राखणदार लागतो, आणि कोर्टाच्या कागदावर राखणदार म्हणून नाव आहे थर्ड इंजिनिअरचं. दादाचं. जहाज विकलं जाईपर्यंत किंवा दुसरा राखणदार मिळेपर्यंत त्याची सुटका नाही. गावात राहायचा परवाना त्याच्याकडे नाही, म्हणून जहाजावरच राहायचं. एकट्यानं. दोनदा लिलाव पुकारला, कुणी फिरकलं नाही. गंजलेलं धूड कोण घेणार?

“काय गं बारके, आमचे कॅप्टनसाहेब आज रजेवर!” कॅप्टन म्हणजे एक पक्षी. रोज सकाळी कठड्यावर येऊन बसतो आणि दादा त्याला सलाम ठोकतो. मी हसले. मग म्हणाला, “बाहेरच्या खोलीतला पंखा अजून कुरकुरतो का? फोन जवळ धर ना.” स्टुलावर चढून धरला. दोन मिनिटं! सहातली दोन मिनिटं माझा भाऊ पंखा ऐकत होता. “बेअरिंग कोरडं पडलंय. तेलाचे दोन थेंब सोड, जास्त नको.”

नाही सोडलं. कुरकुरू दे. तो येऊन सोडेल.

९ मार्च, सोमवार

वकीलबाई म्हणाल्या, “थंडगार सोडलंस तर तुझं तोंड बघणार नाही.” तीन वर्षं त्यांच्याकडे भाडेकरार टाइप करतेय, तोंड तसंही कुठं बघतात!

आई शिवता शिवता, मान वर न करता — “शेवटचं काय वाईट आहे? किनाऱ्यावरून हात तरी हलवशील त्याला.”

“आई, मी कायदा शिकायला चाललेय, हात हलवायला नाही.”

फार लागलं असणार. मशीन बराच वेळ थांबलं होतं. मला बोलायची पोच नाही हेच खरं.

१२ मार्च, गुरुवार

थंडगारच्या प्राध्यापिकांशी फोनवर बोलणं झालं. बाई हुशार, आणि चांगल्याही. दादाबद्दल मी अर्जातच लिहिलं होतं — ‘न्यायालयाने माझ्या भावावर राखणदारी लादली.’ तेच त्यांना आवडलं म्हणे. मूळ हुकुमाची प्रत पाठवा म्हणाल्या, वर्गात चर्चेला घेऊ.

मी विचारलं, “अशा माणसाला सोडवायचा मार्ग काय?”

“तो भाग दुसऱ्या वर्षाला येतो.”

दुसऱ्या वर्षाला! मी ‘हो, हो’ म्हटलं, आभार मानले, फोन ठेवला. दोन वर्षांनी मला तोंडपाठ येईल दादाला कसं सोडवायचं होतं ते.

कुणाला सांगू? सगळे म्हणतात नशीबवान आहेस.

१६ मार्च, सोमवार

खलाशांच्या युनियनचे वकील आहेत त्या बंदरावर, त्यांच्याकडून हुकूम मागवला होता. आजवर आम्ही फक्त सारांश वाचला होता. आज पूर्ण भाषांतर आलं. तिसऱ्या पानावर — ‘सदर थर्ड इंजिनिअर यांनी ही जबाबदारी स्वेच्छेने स्वीकारली आहे.’

चारदा वाचलं. स्वेच्छेने. खाली दादाची सही, तो लांबलचक शेपटीवाला शेवट.

म्हणजे कुणी लादलं नाही! विचारलं असणार, कोण थांबतंय, आणि या शहाण्यानं हात वर केला. चौदा महिने आम्हाला सांगतोय, कोर्टानं पकडून ठेवलं. आई कोर्टाला शिव्या देत शिवते. बाबांनी कोर्टाला एकवीस अर्ज पाठवले, कार्बनप्रत ठेवून. मी माझं अख्खं आयुष्य सागरी कायद्याच्या दावणीला बांधायला निघालेय. आणि याचं आपलं स्वेच्छेने!

१७ मार्च, मंगळवार

फोन आला. मी ‘हॅलो’ही म्हटलं नाही.

“हात वर केलास तू?”

“कुणी सांगितलं?”

“केलास की नाही?”

“अगं, कुणीतरी सही केल्याशिवाय एकालाही सोडत नव्हते. सगळ्यांना बायकापोरं. एकाची बायको भरल्या दिवसांची. मला वाटलं, दोन महिन्यांचा प्रश्न.”

“मग तूच का?”

“मीच का नको?”

माझा तोल सुटला. नको ते बोलले. आईबापाचा विचार केलास का म्हटलं, हुतात्मा व्हायची हौस म्हटलं. शेवटी — मर तिथंच, म्हटलं. हो, म्हटलं. पानाशी खोटं बोलून काय करू?

बॅटरी संपली की त्यानं ठेवला, कळलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

फोन नाही. वारा असेल.

२१ मार्च, शनिवार

वारा नव्हता. युनियनच्या वकिलांना विचारलं. होडी गेली होती. होडीवाला खालून अर्धा तास हाका मारत होता. मग दादा शिडीपाशी आला, पाण्याचे कॅन वर ओढले. शिधा नको म्हणाला. बॅटरीही नको.

बॅटरी नको.

मी काय करून बसले!

२४ मार्च, मंगळवार

नाही. आजही नाही.

आई विचारते, का गं नाही आला? म्हटलं, समुद्र खवळलाय. तीन विद्यापीठांची स्मरणपत्रं. गोडबोल्यांनी फुलांचं चित्र पाठवलंय. फाडून टाकावंसं वाटलं, पण ते मोबाइलवर!

जेवण जात नाही. ऑफिसात एका करारात भाडेकरूच्या जागी दादाचं नाव टाइप केलं. वकीलबाई ओरडल्या नाहीत. पाणी आणून दिलं.

२६ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात बसून वकिलांना फोन केला. भीड सोडली. रडले, भांडले, हातापाया पडले. म्हटलं दुसरा राखणदार का मिळत नाही?

भला माणूस. सगळं ऐकून घेतलं. गावातल्या तिघांना तयार केलं होतं म्हणाले, तिघंही ऐनवेळी फिरले. कारण राखणदारानं गाव सोडायचं नाही. रहिवाशाला जहाजावर राहावं लागत नाही, घरी राहता येतं, आठवड्यातून दोनदा होडीनं जाऊन तपासणी करायची, नोंद करायची. पण जहाज विकेपर्यंत गाव सुटत नाही. सहा महिने, सहा वर्षं, कुणी सांगावं. “असं स्वतःला कोण बांधून घेईल, बाई?”

मी विचारलं, रहिवासी म्हणजे नक्की कोण?

“राहायचा परवाना असलेला कुणीही.”

मग मी आणखी एक प्रश्न विचारला. त्यांनी तो मला परत विचारायला लावला. मग म्हणाले, “कायद्यानं चालतं. पण मी तसा सल्ला देणार नाही.”

प्रश्न इथं लिहायचा धीर होत नाही.

२८ मार्च, शनिवार

काल फोन आला! चाळीस सेकंद. होडीवाल्यानं बॅटरी दोरीला बांधून सरळ वर पाठवली म्हणे, नको म्हणायची सोयच ठेवली नाही. देव त्याचं भलं करो.

“जेवतोय मी. आईला सांग.”

“दादा, मी ते —”

“सोड गं.”

आवाज कुठून तरी लांबून येत होता. कॅप्टनचं विचारलं तर म्हणाला, “तो यायचा बंद झाला.” बस्स. पंख्याबद्दल काही विचारलं नाही.

३० मार्च, सोमवार

उद्या शेवटची तारीख. बाबा दळण आणायला गेले तेव्हा तक्ता भिंतीवरून काढून खिडकीपाशी नेला. सगळ्या ओळींच्या खाली आणखी एक ओळ होती. बाबांनी ती खोडरबरानं पुसली होती, पण पेन्सिल दाबून लिहिण्याची सवय जात नाही त्यांची. तिरक्या उजेडात वाचता आली — ‘जहाजापासून अंतर’. थंडगारपुढे फुली. काचवाल्यापुढे फुली. गोडबोल्यापुढे फुली. शेवटच्या रकान्यात — ‘४ कि. मी.’

माझ्यावर ओझं नको म्हणून पुसली. तक्ता होता तसा लावून ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. आई म्हणाली, घासलेलीच घासतेयस.

तशीच ओट्यापाशी उभी राहून दोघांना सांगितलं. माझा विचार, सगळा. आई खाली बसली. बाबा म्हणाले, “एक पोर तिथं अडकलंय, दुसरंही देऊ?” ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग आई उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मशीनवर जाऊन बसली. बसली नुसती. शिवलं नाही.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी नऊला कळवलं. शेवटच्याला होकार, तिघांना नकार. थंडगारच्या प्राध्यापिकांचं दहा मिनिटांत उत्तर — ‘कारण कळू शकेल का?’ लिहिलं, दुसऱ्या वर्षापर्यंत थांबता येणार नाही.

वकीलबाईंनी खरंच तोंड फिरवलं. त्यांना खरं कारण सांगितलेलं नाही.

दुपारी दादा. आज नीट दोन मिनिटं. आधी माफी मागितली. तो म्हणाला, झालं गेलं. मग विद्यापीठ सांगितलं.

“अकरा मार्कांचं ते? डोकं फिरलं का तुझं?”

“हवामान चांगलं आहे.”

हसला! दोन आठवड्यांनी हसला. म्हटलं, दादा, सप्टेंबरपर्यंत रोज डेकवर येऊन बसायचं. ऊन खायचं. जेवायचं. शब्द दे.

“सप्टेंबरात काय आहे?”

“माझा पहिला तास.”

दिला शब्द.

२२ सप्टेंबर, मंगळवार

विद्यार्थी म्हणून राहायचा परवाना हातात आला, आणि आज सकाळी कोर्टात सही केली. मजकूर तोच, ‘स्वेच्छेने’. वकिलांनी दादाला नव्या राखणदाराचं नाव न सांगण्याचा शब्द पाळला. घरी पोचल्यावर बाबा सांगतील. बंदराच्या फाटकापाशी दादाबरोबर दहा मिनिटं मिळाली. केस खांद्यापर्यंत, जमीन हलतेय म्हणत माझा दंड धरून उभा.

“कोण मिळाला गं शेवटी?”

“आहे एक. इथला रहिवासी.”

“बिचारा.” गाडीत बसला, पुन्हा काच खाली केली. “त्याला सांग, इंजिनरूममधला डावीकडचा पंप दर खेपेला हातानं शंभर वेळा फिरवायचा, नाहीतर तळाशी पाणी चढतं. आणि खाली उतरताना मोठ्यानं गाणं म्हणायचं. भीती वाटत नाही मग. सांगशील ना?”

सांगते म्हटलं. तळहातावर लिहून घेतलं. शुक्रवारी होडी आहे.