पिंपळाच्या वाळल्या फांदीबाबत

मी, नागुबाई भ्र. देविदास सरवदे, वय बासष्ट, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका, राहणार मौजे हिंगणी, तालुका औसा, जिल्हा लातूर (चार वर्षांपूर्वीपर्यंत उस्मानाबाद), पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते. माणसाचे दडपण नाही हे खरे. फांदीचे आहे. हे लिहिताना ती वर करकरली की माझा हात थांबतो. अक्षर वाकडे दिसले तर ते म्हातारपणाचे नव्हे, भीतीचे समजावे.

कलम १. घर व झाड.
हिंगणीतील दोन खणांचे पत्र्याचे घर आणि पुढचे अंगण मला माझे वडील कालकथित भीमा यांच्याकडून मिळाले. मी त्यांची एकुलती एक, आणि लवकर विधवा झाले म्हणून माहेरीच राहिले. अंगणाच्या कोपऱ्यातला पिंपळ त्यांनी छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर लावला. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही तोंड धुतलेले पाणी त्याला घालत होतो. तो जगला.

खोड माझ्या हद्दीत आहे. मोठी फांदी मात्र कुंपण ओलांडून रस्त्यावर गेली आहे आणि तिच्या बरोबर खाली गावाचा हौद आहे. यंदा विहिरी आटल्या, टँकर त्या हौदात रिकामा होतो. झाडाची बाकीची अंगे हिरवी आहेत आणि गावात दुसरीकडे सावली नाही, म्हणून घागरींची रांग तिथेच लागते. जागा धरायला पोरांना बसवतात. ती एक फांदी यंदा पार वाळली आहे. शेजारच्या शेषेरावांची शिडी लावून मी वर चढून पाहिले. खोडाजवळ भेग आहे आणि तिच्यात माझी बोटे जातात.

(शिडी शेषेरावांची आहे. मी गेल्यावर परत करावी. पिंपळाला लागलेली म्हणून ती घरात घ्यायची त्यांची हिंमत नसेल तर दारात ठेवावी.)

ह्या गावातली बरीच पोरे माझ्या हातावर जन्मली. दुपारी ती घागरींवर बसून खडे खेळतात आणि मी दारात बसून वर बघते. आडवी बाळंतपणे केली, पटकीची साथ काढली, पण इतकी भीती कधी वाटली नव्हती. जेवण जात नाही.

कलम २. जबाबदारी.
ह्याबाबत मी विचारायचे तिथे विचारले आहे. सरपंच गुरुबसप्पा म्हणाले, "खोड तुमचं, झाड तुमचं. कुणावर पडलं तर तुमीच जबाबदार." बरे, फांदी उतरवते म्हटले. "तसं कसं, नरसबाई? फांदी रस्त्यावर हाय. रस्ता आमचा न्हाई, वर जिल्ह्याचा हाय. परवानगी आणा."

लातूरला नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत गेले. भिंतींचा रंग ओला होता. साहेबांचे पहिले वाक्य, "बाई, टेकू नका." दुसरे, की रस्ता आमच्याकडे आला आहे पण त्याचे कागद उस्मानाबादेहून आलेले नाहीत. कागद आल्यावर झाड कोणाचे ते ठरेल. तोवर हात लावाल तर गुन्हा होईल. टँकर थोडा पुढे उभा करा असे ड्रायव्हरला सांगितले, तर तो म्हणाला, आधी हौद पुढे सरकवा.

कलम ३. ज्यांचा मला राग आहे.
परवानगी गेली खड्ड्यात म्हणून मी औशाहून दोन कुऱ्हाडवाले आणवले. त्यांनी पिंपळ पाहिला, चपला काढल्या, पाया पडले आणि भाडे मागून परत गेले. शेषेराव म्हणाले, "पिंपळाला कुऱ्हाड म्हंजे मुंजा घरात. मला नातवंडं हायती, बाई." मी म्हटले, तुमची नातवंडेच खाली बसतात. तरी कुऱ्हाड काही त्यांनी आणली नाही.

आमच्या वस्तीतला व्यंकट शिकलेला. त्याला मुंजाबिंजा मान्य नाही. तो चार पोरे घेऊन आला. "आजी, बोधिवृक्ष हाय तो. कुणी हात लावला तर आमी आडवं पडू." पडा म्हटले, पण फांदीखाली पडू नका. ह्या गावात दोन्ही बाजूंचे एकमत झालेले मी जन्मात एकदाच पाहिले, ते ह्या फांदीला हात न लावण्याबाबत.

व्यंकटला हे ठाऊक नाही की ज्यांनी झाड लावले ते भीमा दर वर्षी मृगाच्या आधी स्वतः करवत घेऊन वर चढत आणि वाळल्या, जड फांद्यांचे ओझे उतरवत. म्हणत, "वाढू द्यावं, माजू द्यावं न्हाई." ते गेल्यापासून कोणी चढलेले नाही.

कलम ४. वस्तू.
माझी कात्री, चिमटे आणि उकळायचा डबा उमरीला दिलेली माझी मुलगी रुक्मिण हिने घ्यावा. वडिलांची करवत घराबरोबर जाईल; माझ्या हातांना ती आता ओढवत नाही.

कलम ५. वारस.
मुलगा भुजंग लातूरला डाळमिलमध्ये आहे. तो म्हणतो, "आई, घर राहू दे आपल्याकडं, झाड पंचायतीला देऊन टाक." लेकरा, सावली तेवढी आपली आणि ओझे गावाचे, असे होत नाही. घर भुजंग व रुक्मिण दोघांचे. अट एकच, दर वर्षी मृगाआधी झाडाचे ओझे उतरवायचे. हे जमणार नसेल तर घर आणि झाड दोन्ही पंचायतीच्या बालवाडीला जावे. मग खोड, फांदी आणि खाली बसणारी पोरे एकाच मालकाची होतील. तेव्हा तरी जबाबदार कोण हे कळेल.

कलम ६. अंत्यविधी.
माझ्या सरणाला त्याच फांदीचे लाकूड वापरावे, दुसरे आणू नये. गावात मयताला लाकूड तोडताना कोणी परवानगी विचारत नाही, कोणी आडवे पडत नाही. मी शेषेरावांना विचारून घेतले. ते म्हणाले, "मयताचं निराळं, बाई. तवा मुंजा बी काय म्हनत न्हाई." व्यंकटही खाली बघून म्हणाला, "तुमच्यासाठी असंल तर मीच चढंन, आजी." मला हसू आले आणि नंतर रडू आले. म्हणजे फांदी उतरेल, पण मी मेल्यावर. तोवर ती थांबेल का, हे कोणी सांगत नाही.

कलम ७. तोपर्यंतची व्यवस्था.
आज सकाळी मी माझी बाज फांदीच्या बरोबर खाली, हौदाला लावून टाकली आहे. रस्त्यावर बाज टाकायला कोणाची परवानगी लागते हे मी विचारलेले नाही. झाडाची मालकीण मी, तर त्याच्याखाली मीच असावे. म्हाताऱ्या माणसाची बाज ओलांडून आमच्याकडे कोणी जात नाही, म्हणून रांग वळसा घालून पलीकडे उन्हात गेली आहे. बाया मला शिव्या देतात. पोरे उन्हाने रडतात. रडू द्यावे. रडणारे पोर जिवंत असते, हे मला नोकरीने शिकवले.

मला मरायची हौस नाही. वर बघायचे धाडस होत नाही म्हणून मी कुशीवर झोपून हे लिहीत आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, तो माझाच आहे.

सही : नागुबाई दे. सरवदे

साक्षीदार :
१. शेषेराव, शेजारी (कलम ६ कबूल)
२. व्यंकट, राहणार आमची वस्ती (कलम ६ कबूल)

ठिकाण : मौजे हिंगणी, पिंपळाखाली, सार्वजनिक रस्ता
दिनांक : ११ मे १९८६

टीप : साक्षीदारांना सहीसाठी इथे बोलावले होते. दोघेही म्हणाले, कागद हिकडं अंगणात आणा. त्यांच्या सह्या अंगणात झाल्या आहेत. माझी इथेच झाली.