दोन दिवसांसाठी गेलेली माणसं

१३ जुलै १९९८
मुंबईच्या हेड ऑफिसने जाहीर केलं: रॉकेलच्या स्टोव्हचा जमाना संपला, यापुढे गॅसची शेगडी. आमच्या सातपूरच्या कारखान्यात शेगडी विभागाचा प्रमुख मी. हाताखाली आठ फिटर, पत्रा दाबायचा एक कोरा प्रेस. दिवाळीला शेगडी बाजारात नसेल तर विभाग बंद, अशी वर धमकी. धमक्या कोणाला देता?

२० जुलै
स्टोव्ह विभागाचा फोरमन सहादू आला. त्याची निम्मी माणसं घोटीकडची, भाताच्या आवणीला, रोपं लावायला, गावी पळालेली. म्हणे, ‘सायेब, चार फिटर द्या. दोनच दिस. लय अडलंय.’ तुझा विभाग मरायला टेकलाय, तुला माणसं कशाला? सडकून बोललो. मग दिले. मरणाऱ्याशी काय भांडायचं.

४ ऑगस्ट
फिटर परत नाहीत. जाऊन सहादूला झापलं. त्याने चहा पाजून उरलेले चारही मागितले. शेगडीचं ड्रॉइंग यायचंय. रिकामी माणसं बिघडतात. दिले. पण निर्णय माझा.

२ सप्टेंबर
जीएम साहेबांनी मीटिंगमध्ये पाठ थोपटली. सहकार्य शिकावं तर माझ्याकडून. स्टोव्हचं उत्पादन वाढलंय म्हणे. मूर्खांचा बाजार.
घरी उज्वला म्हणाली, माणसं नाहीत तर शेगड्या काय तुम्ही लाटणार, पापडासारख्या? बायकोला स्ट्रॅटेजी कळत नाही. जेवलो नाही. भात तेवढा खाल्ला.

३० सप्टेंबर, खंडेनवमी
प्रेसला हार घालायला गेलो, तर प्रेसमध्ये स्टोव्हची टाकी. सहादू महिनाभर रात्रपाळीत वापरतोय. ‘पडून गंजला असता, सायेब.’ सगळ्यांसमोर त्याला झापलं. नारळ मात्र मीच फोडला. प्रमुख मी आहे. दिवाळी होऊ दे, एकेकाला बघतो.

१५ ऑक्टोबर, दुपार
हेड ऑफिसचा फॅक्स. नवी स्ट्रॅटेजी: कंपनी स्टोव्हवरच भर देणार, कारण माणसं आणि मशिनं सगळी तिकडेच आहेत. शेगडी रद्द. तिकडे दिली कोणी? चौकशी झालीच पाहिजे. जहाल मेमो लिहायला घेतला.

संध्याकाळी
सहादू आला. घोटीकडची माणसं आता भाताच्या सोंगणीला गेली. तुमच्याकडे कोण आहे, म्हणाला. मी एकटाच होतो.
‘मग तुम्हीच या की पॅकिंगला.’
तोंडावर बजावलं, दोन दिवस म्हणजे दोनच दिवस. परत आलो की मेमो पुरा करीन.