तलाव मी एकट्याने बंद केला, दाजी

तीर्थस्वरूप ओव्हिलादाजी आणि युगेतताई यांना तेरबॉनहून रेआलचा वाकून नमस्कार (कमरेने परवानगी दिली तेवढा वाकून).

ताईचा गुडघा कसा आहे? आणि दाजी, तुमच्या पायाच्या अंगठ्याचं दुखणं फ्लोरिडाच्या उन्हाला भ्यालं, की तेही तुमच्यासारखं तिकडेच कायमचं राहायला आलं? इकडे सर्व क्षेम. सासूबाई ठणठणीत आहेत, रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या वाचतात आणि ओळखीचं कोणी सापडलं की दिवसभर प्रसन्न असतात. आमची गृहलक्ष्मी जिलेनही ठीक आहे, फक्त माझ्याशी बोलताना नसते. आणि मी कसा आहे म्हणाल, तर दाजी, पुढची ओळ उभं राहून वाचा. परसातला पोहायचा तलाव मी हिवाळ्यासाठी बंद केला. एकट्याने. माणूस न बोलावता. (ही ओळ ताईला मोठ्याने वाचून दाखवा, मग बसलात तरी चालेल.)

तुम्ही फोनवर काय म्हणाला होता ते मी विसरलेलो नाही. "रेआल, तुझ्याने व्हायचं नाही ते, गपचूप माणूस बोलव." बरोबर आहे, इतकी वर्षं दर ऑक्टोबरात तुम्ही फिल्टरच्या दांड्यापाशी सेनापतीसारखे उभे राहून हुकूम सोडत होता आणि मी नळी धरत होतो. नळी धरणाऱ्याला लढाई कळत नाही हे मान्य. मग तुम्ही गेलात अशा मुलखात, जिथे तलाव बाराही महिने उघडा असतो आणि त्यात फार तर सुसर पडते, बर्फ पडत नाही. इकडे मागच्या हिवाळ्यात जमिनीखालचा पाइप फुटला (कोणामुळे, हा प्रश्न इथे गौण आहे), आणि वसंतात अर्धं अंगण खणावं लागलं. जिलेनने तेव्हाच निकाल देऊन टाकला. यंदा पाइप फुटला, किंवा माणूस बोलवायची पाळी आली, तर ते डबकं मातीने भरायचं आणि वर टोमॅटो लावायचे. ती डबकं म्हणते हो. मी कधी तिच्या लोणच्यांना नावं ठेवली नाहीत.

दाजी, तुम्हाला खरं सांगतो, मला पोहण्याचं एवढं वेड नाही. पण लेक मारी-एव्ह उन्हाळ्यात दर रविवारी पोरांना घेऊन येते ती त्या पाण्यासाठी. आजोबांसाठी कोण येतंय? आजोबा फोनवरही भेटतात. दुपारभर नातवंडं उड्या मारतात, संध्याकाळी ओल्या केसांनी माझ्या मांडीवर बसून सॉसेज खातात आणि माझी पँट भिजते. ती भिजलेली पँट मला हवी आहे. तलाव गेला की रविवार गेले, हे मी जिलेनला सांगू शकलो नाही, कारण असलं काही बोलायला लागलो की माझा घसा बसतो आणि तिला वाटतं मला सर्दी झाली.

तर ऑक्टोबरातल्या आपल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी करायचं ठरवलं. आठवडाभर पाऊस लागलेला. तेव्हा सासूबाईंनी आदल्या संध्याकाळी आपली जपमाळ कपडे वाळत घालायच्या दोरीला अडकवली. आपल्याकडे ऊन पडावं म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी अडकवतात, तलाव बंद करायला कोणी अडकवल्याचं ऐकिवात नाही, पण सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ह्या कामात तुमच्यापेक्षा देवावर माझा जास्त भरवसा आहे." सकाळी पाहतो तर आकाश स्वच्छ, लख्ख ऊन! इतकं लख्ख की जिलेनने घरातल्या झाडून सगळ्या पांढऱ्या चादरी धुऊन त्याच दोरीवर टाकल्या. इथे देवाचा काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पाण्याची पातळी उतरवली. शिडी काढली. पंपाची बुचं काढून तुमच्या पद्धतीप्रमाणे पंपाच्याच जाळीत ठेवली, म्हणजे वसंतात घर पालथं घालायला नको. मग पाइपमधलं पाणी हवेने हुसकायचं. व्हॅक्यूम क्लीनर उलटा जोडला, नळीला चिकटपट्टी गुंडाळली आणि कुठल्या पाइपात काय जायचं ते ठरवणारा फिल्टरचा दांडा फिरवला. आता त्या दांड्याखालची अक्षरं उन्हाने पार उडालेली आहेत. तुम्हाला ती पाठ होती, मला फक्त तुमची पाठ दिसायची. मी अंदाजाने एक बाजू निवडली आणि बटण दाबलं. तलावात बुडबुडा नाही. मी जोर वाढवला. तरी नाही. आणि मग घराच्या बाजूने जिलेनची अशी किंकाळी आली की शेजारचा कुत्रा घरात पळाला. हवा गेली होती सांडपाण्याच्या नळीत, ती नळी पडली होती दोरीखाली, आणि उन्हाळाभर फिल्टरने जे जे म्हणून गिळलं होतं ते सगळं हिरवंगार होऊन चादरींवर गेलं होतं. सासूबाईंनी जागेवरून न हलता क्रूसाची खूण केली.

पण दाजी, खरा गडी डगमगत नाही. दांडा दुसरीकडे फिरवला आणि काय सांगू, तलावाच्या भिंतीतल्या दोन्ही तोंडांतून बुडबुडे भदाभद यायला लागले! आता बुडबुडे चालू असतानाच त्या तोंडांत रबरी बुचं मारायची, नाहीतर पाणी परत आत शिरतं आणि हिवाळ्यात गोठून पाइप फोडतं. मी नदीत मासे धरायला घालतो तो छातीपर्यंतचा रबरी पोशाख चढवून पाण्यात उतरलो. पाणी असं गार की अवयवांची हजेरी घ्यावीशी वाटली. पोशाखाला भोक आहे हे मला आत गेल्यावर कळलं. पहिलं बूच मारलं. दुसरं खिशात नव्हतं. ते काठावर होतं, मी मधे होतो, पोशाखात इतकं पाणी भरलेलं की पाय उचलेना, आणि व्हॅक्यूम क्लीनरमधून जळका वास यायला लागला होता. मी सासूबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, "मी उठले तर गुडघे जाणार, बसले तर तुम्ही. गुडघे जवळचे."

तेवढ्यात जिलेन आली. हातात हिरवी चादर. तिने माझ्याकडे पाहिलं, बुडबुड्यांकडे पाहिलं, काठावरचं बूच उचललं आणि हातात फिरवत उभी राहिली. नुसती उभी राहिली. तिला काही करायचीही गरज नव्हती. बूच खिशात टाकून ती घरात गेली असती तर पाइप फुटलाच असता, आणि टोमॅटो आलेच असते. दाजी, तिच्या त्या मुठीत माझे सगळे रविवार होते.  मी एवढंच म्हणालो, "जिलेन, पोरं." 

"घे मेल्या," ती म्हणाली, आणि बूच फेकलं. मी ते हवेत झेललं (हे खरं आहे, सासूबाईंना विचारा) आणि ठोकून बसवलं. बुडबुडे थांबले. त्याच क्षणी व्हॅक्यूम क्लीनरने प्राण सोडला, पण तो धारातीर्थी पडला, त्याचं दुःख करायचं नाही. पुढे कसं सगळं लोण्यासारखं! पाइपात न गोठणारं गुलाबी औषध ओतलं, झाकण ताणलं, कडेने पाण्याच्या पिशव्या मांडल्या. ढोलकीसारखं ताठ झाकण! जिलेनने सगळीकडून बोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालंय." दाजी, तिने असं शेवटचं म्हटलं ते आमच्या लग्नाच्या केकला. तलाव राहिला. तुमचा मेहुणा जिंकला. ताईला सांगा, मला त्या संध्याकाळी मटार सूप दुसऱ्यांदा वाढलं गेलं.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, सुसरीला लांबूनच.

आपला विजयी मेहुणा,
रेआल

ता. क. : पत्र पाकिटात घालायचं राहिलं, तेवढ्यात थोडं झालं. सासूबाईंनी माळ काढलीच नाही. देवाला लावलेलं काम मधेच थांबवणं बरं दिसत नाही म्हणतात. परिणामी ऑक्टोबर असून जुलैसारखं ऊन पडलंय. रविवारी मारी-एव्ह पोरांना घेऊन आली, पोरं झाकणाशी तोंडं पाडून उभी राहिली, आणि जिलेन स्वतः म्हणाली, "बघतोस काय रेआल, काढ ते." काढलं. दोन्ही बुचंही काढली. पोरं उतरली. मग दाजी, जिलेन उतरली! ओठ निळे पडेपर्यंत पोहली आणि पोरीसारखी खिदळली. माझी पँट पुन्हा भिजली.

ता. क. २ : हे खरं कामाचं. जिलेनला आता चटक लागली आहे. ती पाणी तापवायचं यंत्र बसवू म्हणते, वर काचेचं छप्पर घालू म्हणते, नाताळापर्यंत तलाव बंदच करायचा नाही म्हणते, आणि चर्चच्या गायनमंडळातल्या सगळ्या बायकांना दर बुधवारी पोहायला बोलावून बसली आहे. इकडे गुरुवारी कडक थंडी पडणार असं रेडिओ सांगतो, आणि बुचांना हात लावू दिला तर शपथ. तुमचा शब्द ती मानते. तेव्हा कृपा करून तिला ताबडतोब फोन करा आणि तलाव ही किती कटकटीची, खर्चाची आणि सांध्यांना वाईट गोष्ट आहे हे नीट समजावून सांगा.

फक्त फार पटवून देऊ नका.