मानेवरचा रंग

सोमवार, ४ मार्च

लागली एकदाची नोकरी! जुने फोटो दुरुस्त करायचा स्टुडिओ. माझं टेबल खिडकीजवळ, स्क्रीन दाराएवढा, आणि मालक इतके साधे की चहासुद्धा स्वतःच टाकतात. सगळे त्यांना नाना म्हणतात; मीही दुपारपर्यंत म्हणायला लागले. पहिलंच काम मजेचं आहे. साठ वर्षांपूर्वीचा, हाताने रंगवलेला फोटो. खुर्चीत रेललेली तरुण बाई, हिरवा फ्रॉक, गुलाबी गाल. तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याला फ्रॉक डाळिंबी करून हवाय. हिरवा तिला कधी शोभलाच नाही, म्हणाला. ती पुढे घर सोडून गेली, असं नानांनी हळूच सांगितलं.

मंगळवार, ५ मार्च

फ्रेम उघडली आणि नाक दाबलं. नासलेल्या दुधासारखा आंबूस वास. मानेवरचा रंग बोटाला लागला. ओला, चिकट. साठ वर्षांपूर्वीचा रंग ओला कसा? नाना म्हणाले, दमट हवा. असेल बाई. स्कॅन करून मूळ फोटो तळाशी ठेवला, वर फ्रॉकपुरता वेगळा लेयर घेतला आणि त्यात हिरव्याचा डाळिंबी केला. चुण्या, सावल्या जशाच्या तशा राहिल्या. स्वतःवरच खूश आहे.

गुरुवार, ७ मार्च

म्हातारा आला. फ्रॉक पसंत पडला. मग त्याने बोट चाटलं आणि स्क्रीनवर, तिच्या मानेवरून सावकाश फिरवलं.

"इथं पातळ झालाय, बाळ. जाड कर. मी अजून रोज सकाळी एक हात देतो. थुंकीनं रंग धरून राहतो."

म्हणजे परवा माझ्या बोटाला लागलं ते— तीनदा साबणाने हात धुतले. स्क्रीन स्पिरिटने पुसला. बोटाचा ओघळ तरी दिसतोच आहे.

शुक्रवार, ८ मार्च

जाड करायचं तर खाली काय आहे ते बघायला हवं. सगळा रंग उचलून वेगळ्या लेयरवर घेतला आणि तो लेयर बंद केला; खाली नुसता काळा-पांढरा फोटो उरला.

मानेच्या एका बाजूला चार डाग. दुसऱ्या बाजूला एक. बोटांचे. डोळे अर्धवट उघडे, कुठेच न बघणारे. ती रेललेली नाही, तिला टेकवून ठेवलंय. आणि मग हा माणूस शेजारी बसून तिचे गाल गुलाबी करत होता, थुंकी लावून लावून.

ओकून आले. नानांना दाखवलं. त्यांनी रंगाचा लेयर परत चालू केला. म्हणाले, फोटो रंगवायचं हे काम मला या म्हाताऱ्यांनीच हाताला धरून शिकवलं. तू पूर्ण कर आणि विसरून जा.

आई फोनवर म्हणाली, सरळ पोलिसांत जा. उद्या फाइल घेऊन जाणार.

शनिवार, ९ मार्च, सकाळी अकरा

मूळ स्कॅन पुसलंय. लेयर सगळे एक करून टाकलेत, मानेवर रंगाचा लगदा. हे नानांचंच—

माझा फोन टेबलावर होता. आता नाही.

दाराला कुलूप. बाहेरच्या खोलीत दोघंही आहेत. नाना त्याला कॅमेरा लावून देतायत.

कीबोर्डखाली एक फोटो ठेवलाय. मी. इथेच बसलेली. गाल गुलाबी केलेत. मानेवर रंग थापलाय, ओला, तोच आंबूस—

खिडकीला गज आहेत. ओरडले. कोणी वर बघतच—

आले. नाना माझ्याकडे बघत नाहीयेत. तो बोट चाटतोय. म्हणतोय, मान जरा तिरकी कर, बा—