तळहातावरचं औषध

माय, आज सकाळी देवळात आरतीचं पहिलं कडवं मीच उचललं आणि शेवटपर्यंत आवाज फाटला नाही. दोन महिन्यांनी. शेजारच्या म्हाताऱ्यानं टाळ थांबवून विचारलं, "आला काय रे तुहा गळा वापस?" घरी येईपर्यंत मी एकटाच हसत होतो.

गळा गेला कसा, ते सांगतो. रक्तातली साखर मधुमेहाच्या काठावर आली, म्हणून अमरावतीला नोकरी करणाऱ्या तुझ्या नातीनं सफरचंदाचं व्हिनेगर पाठवलं. सफरचंद आंबवून केलेलं आंबट पाणी, बाटलीत मिळतं. झोपण्याआधी एक चमचा, ग्लासभर पाण्यात, असं तिनं फोनवर दोनदा बजावलं. पण औषध कसं घ्यायचं ते मला तू शिकवलं होतंस. चुलीपुढं बसवून माझ्या उजव्या तळहातावर काढा ओतायचीस, तीर्थासारखा. तोंड वाकडं करायचं नाही, वरून पाणी प्यायचं नाही, गपचूप आडवं व्हायचं. पाण्यानं गुण जातो, म्हणायचीस. मीही तसंच केलं. देवाचं नाव घेऊन पळीभर व्हिनेगर तळहातावर, तिथून तोंडात, आणि लगेच अंथरुणावर.

तुझी सून बघत राहायची. "तीर्थ घेऊन राह्यले का पितळ घासाचं पाणी?"

"मायची रीत आहे."

"मायनं सफरचंदाचं औषध कधी पाह्यलं होतं?"

छाती जळायची, ते मी गुण येण्याचं लक्षण धरलं. मग गळा बसला. अकोल्याचा डॉक्टर तळहाताची गोष्ट ऐकून खुर्चीतच हसला. "काका, असं आंबट नुसतंच पिऊन आडवे झालात तर ते गळ्यापर्यंत वर येणारच. दातही झिजतील. साखरेवर त्याचा गुण असलाच तर थोडका. जेवण झाल्यावर चाला, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. हे चालूच ठेवलं तर भजन विसरा."

भजन तुझं, रीतही तुझीच. भजन राखलं, रीत सोडली. महिना झाला, आम्ही दोघं जेवून देवळापर्यंत चालत जातो, तुझी सून वाटभर माझी नक्कल करते, आणि मला झोप छान लागते. बाटली मात्र देवघराजवळून हलवायला हात धजत नव्हता. तुझा शब्द मोडतोय असं वाटायचं.

आज आरतीहून येताना एक जुनी गोष्ट आठवली, ती तुला कधी सांगितली नाही. तू पाठ फिरवलीस की तळहातावरचा निम्मा काढा मी चुलीच्या राखेत सांडायचो. तरी ताप उतरायचा आणि तू देवापुढं हात जोडायचीस. म्हणजे रीत तर मी तेव्हाच मोडली होती, माय.

हे पत्र पाठवायचं कुठं? पोथीत ठेवतो. बाटली मात्र अंगणात नेली, मीठ घेतलं, आणि उरलेल्या व्हिनेगरनं देवाची घंटा, समई आणि ती पळी घासून काढली. तुझ्या चिंचेनं यायची तशीच चकाकी आली आहे. बाटली रिकामी झाली.