त्याला जर्मनी, मला धन्याचं पाणी

सर, तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली. तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा मी आता वीस वर्षांनी मोठा आहे, तरी कागदावर 'सर' लिहिलं की पाठ आपोआप ताठ होते. अमरावतीला, राजापेठेतल्या घराच्या वरच्या खोलीत बसलोय. खालचा ट्यूशन क्लास नुकताच सुटला आणि पाच-पन्नास गाड्या एकदम सुरू झाल्या. ह्या पोरांना कविता पाठ करायला कोणी लावत नसेल. मी मास्तरकीची सगळी वर्षं लावली, तुमच्यासारखीच, शनिवारी सकाळच्या शाळेत, खिडकीतून ऊन आत सरकत असताना. अजूनही शनिवारी सकाळी जाग आली की आज माझी पाळी आहे असं वाटतं, आणि नदीच्या कवितेचं तिसरं कडवं अजूनही तिथेच अडतं.

सांगायचं ते आधी सांगतो, नाहीतर मी कवितेतच हिंडत राहीन. मला लघवीतून रक्त जातंय. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. दुखत नव्हतं, जळजळ नव्हती, म्हणून भ्यायलोही नाही. आपल्या वऱ्हाडात लघवीचं काहीही झालं की त्याला एकच नाव, उन्हाळी लागली. औषधही एकच, रात्री धने भिजत घालायचे आणि सकाळी खडीसाखर घालून ते पाणी प्यायचं. उन्हाळा अजून यायचा होता, तरी मी तेच केलं. चार दिवस लाल, मग आठ दिवस स्वच्छ. स्वच्छ दिसलं की मी धन्याचे आभार मानायचो. परत लाल झालं की धने वाढवायचो. बायको म्हणायची, "मोरीत किती वेळ लावून राहिले तुमी? झोपता का तिथं?" मी आत तांब्यावर तांब्या ओतत असायचो. ही ओतायची पद्धत मी कुठे पाहिली होती, ते मला पहिल्याच दिवशी आठवलं होतं, सर. पण तिकडे मी नंतर येतो.

आधी त्याच्याबद्दल. तुमचा लाडका, वकिलांचा मुलगा. माझ्या बापाचा अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाला मळा होता, मेथी, पालक, वांगी आणि बांधाला शेवंती. मी रोज तुमच्या टेबलावर फूल आणून ठेवायचो. त्यानं कधी काही आणलं नाही, त्यानं फक्त आवाज आणला. तो कविता म्हणायला उभा राहिला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. अमरावतीच्या पाठांतर स्पर्धेला कोणाला न्यायचं, ते तुम्ही ठरवत होता तो दिवस मला कालच्यासारखा दिसतो. दोघांनाही तुम्ही एकच कविता म्हणायला लावता. मी एकही शब्द चुकत नाही, तो दोनदा चुकतो. तुम्ही त्यालाच निवडता. मग व्हरांड्यात मला थांबवता आणि वर्गातल्या तुमच्या शुद्ध पुस्तकी भाषेत म्हणता, "तू कविता म्हणत असताना कवितेकडे पाहत नाहीस. तो ऐकतोय की नाही, हे पाहतोस." सर, किती बरोबर बोललात. चौदा वर्षांच्या पोराला एवढं बरोबर कोणी बोलू नये. तो पहिला येऊन परतला आणि तुम्ही खिशातलं स्वतःचं पेन काढून त्याच्या खिशाला लावलं. मी टाळ्या वाजवल्या. अजून वाजवतोच आहे.

तो पुढे वकील झाला, अकोल्यालाच राहिला. मी मास्तर झालो आणि नंतर बदलीनं इकडे आलो. दर रविवारी आमचा फोन असतो, फोन नव्हते तेव्हा पत्रं होती, पन्नास वर्षांत फार खंड पडला नाही. लोक ह्याला मैत्री म्हणतात, आणि तो तर म्हणतोच. होळी झाल्यावर एका रविवारी त्यानं सांगितलं, "अबे, लघवीतून रक्त पडलं काल. पोरीले फोन केला, ती म्हणे ताबडतोब ये." पोरगी त्याची जर्मनीत असते, व्हिसा त्याचा आधीचाच होता. म्हणजे रक्त दिसलं शनिवारी, पोरीला कळलं शनिवारी, मला कळलं रविवारी, आणि पंधरवड्यात हा विमानात. मला त्या दिवशी सहावा आठवडा चालू होता. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "लघवीसाठी विमान करून राहिला का बे? धन्याचं पाणी पी." तो खूप हसला. मी फोन ठेवला आणि माझा पेला प्यालो.

तिथून तो रोज फोन करू लागला. डॉक्टर स्वतः दारापर्यंत येऊन हात मिळवतो म्हणे. पेशंटला खुर्चीवर बसवतो आणि आपण ठेंगण्या स्टुलावर बसून खालून वर बघत बोलतो. पोरीसमोर लघवीच्या गोष्टी बोलायला ह्याला लाज वाटली, तर त्यांनी फोनवरून एक हिंदी बोलणारी दुभाषी बाई लावून दिली. डॉक्टरनं विचारलं, रंग कसा होता? हा म्हणाला, रंगपंचमीला पळसाची फुलं रात्रभर भिजवल्यावर पाण्याला येतो तसा. बाईला पळस माहीत नव्हता. मग ह्यानं पोरीच्या मोबाइलवर पळसाचं झाड काढून दाखवलं, आणि डॉक्टर म्हणे ते बघत राहिला, एवढं नेमकं आजवर कोणी सांगितलं नाही म्हणाला. सर, खरं सांगू? गाठ निघाली हे ऐकून मला त्याची काळजी वाटायला हवी होती. मला वाईट वाटलं ते पळसाचं. फुलांच्या घरातला मी. ह्या डोळ्यांनी तोच रंग मी दोन महिने अधूनमधून पाहत होतो, आणि मला उपमा सुचली नाही. ती त्याला सुचली, तीही जर्मनीत. गाठ लहान होती, वरवर होती, दुर्बीण घालून खरडून काढली, आता दर तीन महिन्यांनी पाहायचं, बस. मला त्याच्या गाठीच्या लहानपणाचासुद्धा हेवा वाटला.

आता तुमच्या मोरीतल्या त्या जुन्या रविवारचं सांगतो. मी चोवीसचा, अकोल्यातच नुकता नोकरीला लागलेला. तुम्ही जुन्या शहरात दोन खोल्यांत राहत होता, काकू माहेरी गेल्या होत्या. मी शेवंती घेऊन आलो, दार नुसतं लोटलेलं होतं. तुम्ही मोरीत होता. तांब्यावर तांब्या पाणी ओतल्याचा आवाज येत होता, थांबतच नव्हता. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा होतो आणि मोरीच्या तोंडाशी फरशीवरून एक लाल धार हळूहळू फिकी होत नालीकडे जाताना मी पाहिली. तुम्ही बाहेर आलात, माझ्याकडे पाहिलंत, धार पाहिलीत, परत माझ्याकडे पाहिलंत. मग चुलीजवळच्या पाटावर बसून विडी पेटवलीत. घरी तुम्ही आमच्यासारखंच बोलायचा.

"उन्हाळी हाय," तुम्ही म्हणालात. "हप्त्या-पंधरा दिवसांनी येते अन् जाते. कोणाले सांगू नको."

"काकूंना माहीत आहे का, सर?"

"तिले कायले सांगतं? रडत बसंन. अन् त्या वकिलाच्या पोराले तं अजिबात नको सांगू. त्याचा बाप मोटार घेऊन येईन अन् मले उचलून मुंबईले नेऊन टाकीन. तू माह्या पोटातला हायेस, म्हून तुले सांगतलं."

मी त्या दिवशी घरी पायी गेलो नाही, सर, तरंगत गेलो. दगडी पुलावर थांबून मी ते वाक्य चार वेळा म्हणून पाहिलं, कविता म्हणावी तसं. तू माह्या पोटातला हायेस. त्याच्याकडे पेन होतं, माझ्याकडे हे होतं. तो तेव्हा नागपूरला वकिली शिकत होता, दर महिन्याला घरी यायचा, तुमच्याकडे यायचा. आम्ही तिघं तुमच्या ओट्यावर बसायचो, तुम्ही वाळत चालला होता, तो विचारायचा, सर बारीक झाले का रे? आणि मी म्हणायचो, उन्हाळ्याचं होतं तसं. एकदा नाही, पाच वेळा तरी. आयुष्यभर स्वतःला सांगत आलो की गुरूचा शब्द पाळला. सर, मी शब्द पाळला नाही. मी ठेवा जपला. तुम्हीच मला सांगून ठेवलं होतं की त्याला कळलं तर मोटार येईल. मोटार आली असती तर मुंबईत तो तुमच्या उशाशी बसला असता, त्याच्या बापानं डॉक्टर उभे केले असते, आणि तुम्ही वाचला असता तर जन्मभर त्याचे झाला असता. असं शब्दात मी तेव्हा मांडलं नव्हतं. पण मला ते माहीत होतं.

दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. तो नागपूरहून आला, मोठ्यानं रडला, त्या आवाजात रडला. काकूंनी त्याला सांगितलं की शेवटच्या महिन्यात कपड्यांवर डाग दिसले तेव्हा कुठे कळलं, वर्षभर म्हणे कोणाला पत्ता लागू दिला नाही. तो माझ्याकडे वळला. "तुले माहीत होतं?" मी नाही म्हणालो. आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आता पुन्हा इकडचं. गेल्या आठवड्यात बायकोला माझ्या पायजम्यावर डाग दिसला. "कधीपासून?" ती म्हणाली. मी म्हणालो, चार दिवस. तिनं त्याच पावली डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनंही तेच विचारलं, बायको शेजारी बसलेली, मी पुन्हा चार दिवस म्हणालो. सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली. डॉक्टर तरुण आहे, फार बोलत नाही. मंगळवारी दुर्बीण घालून बघू म्हणाला, वेळ घालवू नका. त्या संध्याकाळी मी त्याला जर्मनीत फोन केला. त्याला काय आनंद झाला म्हणून सांगू, म्हणजे दुःख झालं, पण उपयोगी पडायला मिळणार ह्याचा आनंद. रिपोर्ट पाठव, व्हिसाचं पोरगी पाहते, माझ्याच खोलीत राहा, माझाच डॉक्टर. पोरीनं रिपोर्ट दाखवले. तिकडून एकच प्रश्न आला, किती दिवसांपासून? पहिल्या दिवशी पोरीला फोन करणाऱ्या माणसाला मी कसं सांगणार होतो? चार दिवस, म्हणालो. मग तिकडून निरोप आला की चारच दिवस झाले असतील तर थोडं थांबलं तरी चालेल, महिना-दीड महिन्यात व्हिसा होईल, इकडेच करू.

आणि मी हो म्हणालो. बायकोला सांगितलं, मंगळवारचं रद्द करून टाक. "इथल्या डॉक्टरात काय किडे पडले?" ती म्हणाली. मी तिला मशिनरीचं सांगितलं, अनुभवाचं सांगितलं, तिनं पदरानं चष्मा पुसला आणि आत गेली. दोन रात्री मी त्या ठेंगण्या स्टुलाचं स्वप्न पाहतोय. डॉक्टर खालून वर माझ्याकडे बघतोय, रंग विचारतोय, आणि मी पळसाहून चांगलं काहीतरी सांगतोय. सर, हे लिहीपर्यंत मला दिसलं नव्हतं. मला बरं व्हायचंच नव्हतं. मला त्याच्यासारखं बरं व्हायचं होतं.

इथवर लिहून मी उठलो. बायकोला हाक मारली, मंगळवारचं रद्द केलंस का विचारलं. ती खालूनच म्हणाली, "नाही केलं. अन् करणारही नाही." मग त्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो चहा पीत होता. मी म्हणालो, चार दिवस नाही, तीन महिने झाले. तुझ्या आधीपासून. इतक्या वर्षांत त्याचा आवाज असा बसलेला मी ऐकला नव्हता.

"तीन महिने?" तो म्हणाला. "अन् मले धन्याचं पाणी सांगत होता बे तू? तू पीत होता म्हून?"

मी हो म्हणालो.

"व्हिसाचं खड्ड्यात घाल. मंगळवारी तिथंच जा, गपचूप. मी तिकीट पाहतो, मंगळवारी नाही पोचलो तं बुधवारी पोचतो." मग तो म्हणाला, "सरांसारखं कावून केलं बे? त्यांनी कोणालेच नाही सांगतलं अन् गेले. मी त्यांच्याचपायी पहिल्या दिवशी पोरीले फोन केला. ते मनातून जातच नाही माह्या. मलेही नाही सांगतलं त्यांनी."

तो वाट पाहत होता. तोंड उघडलं होतं मी, सर. पन्नास वर्षांनी का होईना, एका वाक्याचं काम होतं. पण ह्या माणसाजवळ पेन आहे, आवाज आहे, पळस आहे, तुमच्या आठवणीनं वाचलेला जीवही आहे, आणि आता माझ्यासाठी तो समुद्र ओलांडून येणार आहे. मी म्हणालो, ये, वाट पाहतो. आणि फोन ठेवला. तुम्ही मला सांगितलं होतं, हे मी त्याला आजही सांगितलं नाही. त्याच्याकडे नाही असं तेवढंच एक माझ्याजवळ आहे, सर. ते देववत नाही.