ब गावातला ताप

न्खाता बे,
१२ जुलै

प्रिय तिवोंगेताई,

तू बरी असशील. जोहान्सबर्गला कडाक्याची थंडी पडली असेल. मालकिणीने जाड पांघरूण दिलं की नाही? इकडे सरोवरावर वारा सुटलाय, होड्या काठावरच आहेत. आईचा गुडघा तसाच.

हे पत्र तिकडे निघालेल्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. फोन बाबांच्या खिशात असतो, आणि मी बोलायला लागले की ते शेजारी येऊन उभे राहतात.

माझी परीक्षा संपली. तू विचारत होतीस ना, विज्ञानाचा पेपर कसा गेला? चांगला गेला. म्हांगो सरांनी तुलनेच्या प्रश्नांवर वर्षभर आमचं डोकं खाल्लं होतं. "'इथे कमी' लिहून थांबलीस, लुसुंगु? कुणापेक्षा कमी? किती कमी? दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांड. आणि जे तक्त्यात नाही, ते पदरचं घालू नकोस!"

पेपरात दोन गावांचा तक्ता होता, अ आणि ब. महिन्यागणिक किती मुलांना मलेरिया झाला, त्याचा. मी दोन्ही आकडे मांडले, फरक काढला, कुठल्या महिन्यात तो सगळ्यात जास्त तेही लिहिलं. मग शेवटचा उपप्रश्न आला: ब गावातही घरोघरी मच्छरदाण्या वाटल्या होत्या, तरी तिथला ताप का उतरला नाही? एक संभाव्य कारण लिहा.

माझा हात थांबला, ताई. देखरेखीच्या बाई जवळ येऊन म्हणाल्या, "बरं वाटत नाही का गं?" मी मान हलवली आणि लिहिलं, 'लोक मच्छरदाण्या मासे धरायला वापरत असतील.'

बाहेर आल्यावर तेम्वा म्हणाली, "शेवटचा किती अवघड होता! तू काय लिहिलंस?" मी म्हटलं, "मला सोपा गेला."

तू जाताना तुझ्या वेझीच्या अंथरुणावर स्वतः बांधलेली मच्छरदाणी बाबांनी पावसाळ्यात सोडून तिचं जाळं केलं. उसिपा मासा इतका बारीक की साध्या जाळ्यातून निसटतो, आणि मोठा मासा तर लागतच नव्हता. आई आडवी आली, तर म्हणाले, "अख्खा किनारा हेच करतो. पोराला खायला काय घालू, मच्छरदाणी?" त्या रात्री आम्ही उसिपा आणि मक्याच्या पिठाचं घट्ट न्सिमा पोटभर खाल्लं. वेझीनेही खाल्लं.

पाऊस सरता सरता त्याला ताप आला. दवाखान्यात पोचेपर्यंत झटके सुरू झाले होते. नर्सने खूप केलं. तो माझ्या मांडीवर गेला, ताई.

हे वाक्य लिहायला मी इतकी पानं खर्चली.

शेजारच्यांनीही मच्छरदाणीचं जाळंच केलंय, आणि त्यांची दोन्ही पोरं अंगणात खेळतायत. म्हणून त्यानेच झालं असं मला ठामपणे म्हणता येत नाही. तक्त्यात गाव दिसतं, एकेक मूल दिसत नाही. पण बाबांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलंय. ते सरोवरावर जात नाहीत. हाक मारली तरी ओ देत नाहीत.

तुला कळवायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. आई म्हणाली, "पोरगी तिथे एकटी कोसळेल." बाबा म्हणाले, "काम सोडून येईल, मग सगळेच उपाशी." खरंही असेल. पण तू दर रविवारी "माझ्या लेकाला दे ना जरा फोनवर" म्हणतेस, आई "झोपलाय गं" म्हणते, आणि मग तू हसून विचारतेस, "किती झोपतो हा?" मला ते आता ऐकवत नाही.

बाबांना बोलायचं असेल ते बोल, पण फोनवर नको. इथे ये आणि समोर उभी राहून बोल. ते ऐकून घेतील. कुणीतरी आपल्याला बोलावं, याचीच ते वाट बघतायत असं मला वाटतं.

त्याला चर्चच्या मागे, आंब्याखाली ठेवलंय. तू येईपर्यंत मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसते. तो एकटा नाहीये.

तुझी,
लुसुंगु